एल्फिन्स्टन : मुत्सद्दी आणि ग्रंथकार

परकी राज्यकर्त्यांच्या चरित्रांकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ झालेल्या आहेत. एक रीत कृतज्ञतेची. तिच्या मते पेशवाई बुडाली ती आपल्याच कर्माने, आणि ती बुडविण्यास एल्फिन्स्टनसारखा सुशील व विद्याव्यासंगी मनुष्य लाभला हे आपले भाग्य. दुसरी रीत संतापाची. तिच्या मते साहेबाचा विद्याव्यासंग हे केवळ पांघरूण होते, आणि त्याखालचा मनुष्य इतर कोणत्याही लुटारूहून निराळा नव्हता. या दोन्ही रीतींत एक मोठी सोय आहे. त्या मनुष्याने स्वतः लिहिलेले एक पानही न वाचता कोणासही आपले मत ठामपणे देता येते.

हा विषय आज आम्ही हाती घेतला त्याचे निमित्त लहानसेच आहे. गेल्या सत्रात उत्तर पेशवाईवरील व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, या माणसाचे आभार मानावयाचे, की याचा राग धरावयाचा?" प्रश्न सरळ होता. आम्ही दिलेले उत्तर मात्र सरळ नव्हते. 'दोन्ही बाजूंचा विचार केला पाहिजे' अशा थाटाचे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर मनास बोचत राहिल्यामुळे सुटीत आम्ही एल्फिन्स्टनचे ग्रंथ पुन्हा एकदा ओळीने वाचून काढले : १८१५ साली प्रसिद्ध झालेला काबूलच्या राज्याचा वृत्तांत, पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ साली सादर केलेला अहवाल, १८४१ सालचा हिंदुस्थानचा इतिहास, आणि कोलब्रुक याने १८८४ साली त्याची पत्रे व रोजनिशा यांच्या आधारे दोन भागांत लिहिलेले त्याचे चरित्र. या वाचनातून जे हाती लागले ते पुढे मांडीत आहो.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचा जन्म १७७९ साली स्कॉटलंडातील एका सरदार घराण्यात झाला. अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा तो चौथा मुलगा. वडील मुलास पदवी व मिळकत मिळावयाची, आणि धाकट्यांनी सैन्यात, धर्मखात्यात किंवा कंपनीच्या नोकरीत आपले नशीब काढावयाचे, असा त्या देशातील सरदारकुळांचा शिरस्ता होता. एक चुलता कंपनीच्या डायरेक्टरांपैकी असल्यामुळे याची वाट आयतीच ठरली. बाप एडिंबरोच्या किल्ल्याचा अधिकारी असता तेथील फ्रेंच कैद्यांच्या संगतीने या मुलास फ्रेंच राज्यक्रांतीची गाणी पाठ झाली होती, आणि प्रजासत्तेचा कैवार म्हणून त्याने केसही लांब वाढविले होते. असा हा सोळा वर्षांचा क्रांतिभक्त १७९६ साली कलकत्त्यास उतरला, तो एका व्यापारी कंपनीचा कारकून म्हणून!

शिक्षण असे त्याचे शाळेत फारसे झालेच नव्हते. जे झाले ते या देशात, आणि तेही स्वतःच्या हौसेने. काशीस असता १७९९ साली अयोध्येचा पदच्युत नवाब वझीर अली याच्या लोकांनी इंग्रजांची कत्तल केली. तीतून तो घोड्यावरून निसटला. १८०१ साली त्याची नेमणूक पुण्याच्या रेसिडेंटाच्या हाताखाली झाली, आणि १८०३ साली असई व आडगाव येथील लढायांत तो जनरल वेलस्लीच्या बाजूस राहून मुत्सद्देगिरीचे व दुभाष्याचे काम करीत होता. याने धंदा चुकीचा निवडला, हा शिपाई व्हावयाचा, असा शेरा वेलस्लीने त्याच्याविषयी दिला. तोच हा तरुण छावणीच्या धामधुमीत ग्रीक नाटके आणि फारसी काव्ये वाचीत असे, आणि आज किती पाने झाली व किती आळस झाला याची नोंद रोजनिशीत करीत असे. वाचनाचा असा हिशेब ठेवणारा मनुष्य आम्हां मास्तर लोकांस जवळचा वाटावा हे साहजिक आहे. तेवढ्याच कारणाने त्याच्याविषयी आपला न्याय ढिला पडण्याचा संभव आहे, हेही आम्ही प्रथमच कबूल करून ठेवतो.

नागपूरच्या दरबारी चार वर्षे रेसिडेंट म्हणून काढल्यावर १८०८ साली त्याची निवड काबूलच्या वकिलातीसाठी झाली. नेपोलियन इराणच्या मदतीने हिंदुस्थानावर चालून येईल अशी भीती त्या वेळी कलकत्त्यास वाटत होती, आणि अफगाणांच्या राजाने ती वाट अडवावी असा तह करावयाचा होता. एल्फिन्स्टन मोठा लवाजमा घेऊन दिल्लीहून निघाला, आणि १८०९ च्या आरंभी पेशावर येथे शाह शुजास भेटला. तह झाला, पण तो झाला तेव्हा फ्रेंचांचे भय ओसरले होते, आणि शाह शुजाचे आसन तर त्याच उन्हाळ्यात उलटून पडले. मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने पाहिले तर सारी खटपट व्यर्थ गेली. एल्फिन्स्टनला काबूल शहराचे दर्शनसुद्धा घडले नाही; तो पेशावराहूनच परतला.

परंतु या व्यर्थ गेलेल्या वकिलातीतून जो ग्रंथ निर्माण झाला तो आजही वाचनीय आहे. वकिलातीतील मंडळींनी विषय वाटून घेतले होते. पेशावरास येणारे व्यापारी, यात्रेकरू, मुल्ला, शिपाई, जो कोणी भेटेल त्याला प्रश्न विचारून, एकाचे सांगणे दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून, न पाहिलेल्या मुलखाचे चित्र त्यांनी जुळविले. या ग्रंथातील एक लहानसा प्रसंग एल्फिन्स्टनच्या लेखणीचा स्वभाव दाखवितो. दरबारात शाहास प्रथम पाहताच त्याने रत्नांचे चिलखत घातले आहे असे या मंडळींस वाटले. जवळून पाहता ते चिलखत नसून हिरव्या अंगरख्यावर सोन्याची व रत्नांची फुले जडविली आहेत असे कळले. दुसरा कोणी असता तर पहिला समज गाळून टाकून शेवटचे ज्ञान तेवढे लिहिता. याने आपली चूक आणि तिची दुरुस्ती, दोन्ही लिहून ठेवली. वाचकाचा विश्वास अशाच लेखकावर बसतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अफगाणांकडे पाहताना त्याला स्वतःच्या देशाची आठवण झाली. राजाची सत्ता शहरांपुरती आणि डोंगरातील टोळ्या आपापल्या नायकांच्या आज्ञेत, ही स्थिती त्याने जुन्या स्कॉटलंडशी ताडून पाहिली. एका बलिष्ठ राजाच्या अमलाखाली केवढी शांतता लाभेल हे तो एका वृद्ध अफगाणास समजावून सांगत होता. त्यावर म्हाताऱ्याने उत्तर दिले ते असे की, आम्हांस भांडणे चालतील, धास्ती चालेल, रक्तपातही चालेल, परंतु डोक्यावर धनी मात्र चालणार नाही. हे उत्तर एल्फिन्स्टनने प्रांजळपणे नोंदविले आहे. लांब केस वाढविणारा तो एडिंबरोचा मुलगा त्याच्या ठायी अद्यापि जिवंत होता, याचा हा पुरावा म्हणावयास हरकत नाही.

येथवर वाचणारास वाटेल की आम्हीही कृतज्ञतेच्या रीतीनेच चाललो आहो. आता पुण्याकडे वळू.

१८११ साली एल्फिन्स्टन पुण्यास रेसिडेंट म्हणून आला. कौटिल्याने दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत : धन्याचा निरोप पोचविणारा शासनहर, ठरावीक कामापुरता अधिकार असलेला परिमितार्थ, आणि सर्व अधिकार मिळालेला निसृष्टार्थ. कलकत्त्याहून पत्राचे उत्तर येण्यास आठवडेच्या आठवडे लागत, त्यामुळे मुठा-मुळेच्या संगमावरील बंगल्यात राहणारा हा वकील व्यवहारात निसृष्टार्थच होता. दरबारात कोणाचे कोणाशी बिनसले आहे, कोणता जहागीरदार पेशव्यांवर रुसला आहे, शिंदे-होळकर-भोसल्यांकडे कोणते खलिते जात आहेत, याची खबर त्याला बाळाजीपंत नातूंसारख्या माणसांकडून नित्य मिळत असे. आमच्या जुन्या लेखांत त्याचे नाव 'अलपिष्टन' असे येते. नावाचा उच्चार आम्हांस नीटसा साधला नाही, पण आमच्या घरातील कलहांचा उच्चार त्याला उत्तम साधला होता.

आणि येथे एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. पेशावरास ज्या गुणांनी उत्तम ग्रंथ निर्माण केला, तेच गुण पुण्यास राज्य बुडविण्याच्या कामी आले. प्रत्येकाचे ऐकून घेणे, एकाचे सांगणे दुसऱ्याशी ताडणे, आपली चूक झाली तर ती त्वरित सुधारणे, परक्याच्या मनात शिरून पाहणे, हे सारे तेच. साहेबाचे अंगी दोन माणसे होती, एक विद्वान आणि एक धूर्त, असे मानणाऱ्यांचे मत आम्हांस पटत नाही. माणूस एकच होता, आणि विद्याही एकच होती.

१८१५ चा प्रसंग पाहा. गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीच्या हमीवर पुण्यास आले होते, आणि आषाढातील यात्रेच्या दिवसांत पंढरपुरास त्यांचा खून झाला. त्या वेळी एल्फिन्स्टन वेरूळची लेणी पाहण्यास गेला होता. बातमी येताच लेणी पाहणारा रसिक बाजूस झाला आणि मुत्सद्दी पुढे आला. खुनाचा आळ त्रिंबकजी डेंगळ्यांवर होता. त्यांस स्वाधीन करा ही मागणी त्याने सोडली नाही. त्रिंबकजी अखेर स्वाधीन झाले, ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाले, आणि १८१६ च्या सप्टेंबरात तेथून निसटले. पुढे १८१७ च्या मे महिन्यात पुण्याभोवती फौज उभी राहिली, सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले ओलीस मागितले गेले, आणि १३ जून १८१७ रोजी बाजीरावांनी पुण्याचा तह मान्य केला.

या प्रकरणी एल्फिन्स्टनची बाजू खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. हमीवर आलेल्या वकिलाचा खून क्षेत्राच्या ठिकाणी व्हावा ही गोष्ट आमच्या धर्मासही लाज आणणारी होती, आणि बाजीरावांचा कारभार कोणत्याही स्वाभिमानी मराठ्यास आवडण्याजोगा नव्हता. परंतु तहाची कलमे वाचली म्हणजे काय दिसते? एका खुनाच्या न्यायापासून आरंभ झालेल्या कागदाचा शेवट पेशव्यांनी मराठमंडळाचे पुढारीपण सोडावे आणि कोकणासह मुलूख तोडून द्यावा येथे होतो. न्यायाची मागणी आणि मुलखाची मागणी एकाच दस्तऐवजात अशा खुबीने गुंफलेली आहे की, एक अमान्य करणारा दुसरीही अमान्य करून गुन्हेगार ठरावा. हे लेखनकौशल्यही त्याच लेखणीचे आहे.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, आणि त्याच दिवशी संगमावरचा बंगला जळाला. त्यात एल्फिन्स्टनची प्रिय पुस्तके व कागदपत्रे भस्म झाली. इंग्रज लेखक या प्रसंगी हळहळतात, आणि ग्रंथप्रेमी म्हणून आम्हीही हळहळतो. परंतु त्यानंतर बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, पुढील वर्षी बापू गोखले अष्टीच्या रणात पडले, आणि बाजीराव आठ लाखांचे पेन्शन घेऊन ब्रह्मावर्तास गेले. पुस्तकांच्या राखेवर जितकी शाई खर्च झाली, तितकी गोखल्यांच्या रक्षेवर त्या लेखकांनी खर्च केली नाही, हेही म्हटले पाहिजे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ज्या राज्याच्या वकिलातीत एल्फिन्स्टन अयशस्वी झाला, त्यावर त्याने ग्रंथ लिहिला. ज्या राज्यात तो पूर्णपणे यशस्वी झाला, त्यावर त्याने सरकारी अहवाल तेवढा लिहिला. काबूलच्या राजधानीत त्याने पाऊल ठेवले नव्हते, तरी अफगाणांचे स्वभाव, विवाह, मेजवान्या, गाणी व भांडणे यांनी त्याचा ग्रंथ भरला आहे. पुण्यात त्याने वर्षानुवर्षे काढली. पर्वती, तुळशीबाग, श्रावणातील दक्षिणा, गणेशोत्सवातील दरबार, शास्त्र्यांचे वाद, शाहिरांचे फड, हे सारे त्याच्या दाराशी होते. मराठ्यांवर मात्र त्याने काबूलसारखा ग्रंथ लिहिला नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिण्याचे काम त्याच्या उत्तेजनाने ग्रँट डफने पत्करले, आणि तो इतिहास १८२६ साली बाहेर आला. स्वतः एल्फिन्स्टनने वृद्धपणी हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, तो १७६१ च्या पानिपताशी येऊन थांबतो. इंग्रजी सत्तेच्या उदयाचा पुढील भाग त्याने आरंभिला होता. तो अपुरा राहिला, मरणोत्तर १८८७ साली छापला गेला, आणि तोही त्याच्या स्वतःच्या पुण्यातील काळापर्यंत पोचत नाही.

हे मौन योगायोगाने घडले असेल काय? प्रकृतीची अस्वस्थता व आत्मविश्वासाची उणीव ही त्याची कारणे चरित्रकार सुचवितात, आणि ती खोटी नसावीत. तरीपण आम्हांस असे वाटते की, निःपक्षपाती इतिहासकारास जे अंतर लागते ते त्याला पुण्याच्या बाबतीत कधीच मिळण्याजोगे नव्हते. स्वतः ज्या दाव्यात वादी, साक्षीदार आणि न्यायाधीशही होता, त्याचा निकाल ग्रंथरूपाने लिहिण्याचे धाडस त्याने केले नाही. अप्रामाणिक मनुष्याने ते सहज केले असते. त्या काळच्या किती तरी सेनापतींनी व गव्हर्नरांनी आपल्या पराक्रमाची बखर आपणच लिहून ठेवली आहे. एल्फिन्स्टनचा गप्प राहण्याचा निर्णय त्याच्या प्रामाणिकपणास शोभतो. आणि आमच्या दृष्टीने त्याने केलेले सर्वांत मोठे नुकसानही तेच, कारण उत्तर पेशवाईचे पुणे त्याच्याइतक्या जवळून आणि त्याच्याइतक्या डोळसपणे पाहिलेला दुसरा परकीय लेखक नव्हता.

त्या न लिहिलेल्या ग्रंथाची चुणूक १८१९ च्या अहवालात सापडते, आणि म्हणून हा अहवाल प्रत्येक सुशिक्षित मराठी घरात वाचला जावा असे आम्हांस वाटते. गावगाडा, पाटील-कुलकर्णी, वतने, वसुलाच्या रीती, पंचायतींचा न्याय, यांचे वर्णन त्यात आहे. एकेक गाव म्हणजे एक लहानसे राज्यच असून वरची सर्व सरकारे नाहीशी झाली तरी ते आपल्या माणसांचे रक्षण करू शकेल, असे तो म्हणतो. त्याच्याही पुढे जाऊन तो लिहितो की, मराठी राज्यपद्धतीत दोष पुष्कळ, तरी मुलूख भरभराटीस आलेला दिसतो, आणि आपल्या अधिक सुधारलेल्या म्हणविणाऱ्या अमलात जी काही दुखणी आहेत त्यांतून तो मुक्त दिसतो. तेव्हा त्या पद्धतीत दोषांची भरपाई करणारे काही गुण असलेच पाहिजेत. राज्य बुडवून दीड-दोन वर्षे झाली नाहीत तोच बुडविणाराने धन्यास असे लिहून कळवावे, हे जगाच्या इतिहासात वारंवार घडत नाही.

परंतु अहवालाचा हेतूही विसरता येत नाही. तो मराठ्यांचा गौरव करण्यासाठी लिहिलेला नव्हता. जिंकलेल्या लोकांस न दुखविता त्यांजवर राज्य कसे करावे हे ठरविण्यासाठी लिहिलेला होता. पंचायती राखाव्यात अशी त्याची मनापासून इच्छा होती, तरी कंपनीची न्यायालये व त्यानेच मुंबईचा गव्हर्नर असता १८२७ साली जारी केलेला कायदेसंग्रह यांच्यापुढे पंचायती हळूहळू निस्तेज झाल्या. वसूल बेताने घ्यावा हे त्याचे धोरण होते, तरी त्याच्यामागून १८३० च्या सुमारास प्रिंगलने केलेल्या आकारणीखाली इंदापुराकडील रयत जमिनी टाकून जाऊ लागली. चांगल्या मनुष्याचा सद्धेतू आणि परक्या राज्ययंत्राचा स्वभाव यांत अखेर यंत्रच जिंकते, हा धडा त्या अहवालाच्या पुढील इतिहासात आहे.

१८४१ चा इतिहास हा साहित्यदृष्ट्या त्याचा सर्वांत मोठा ग्रंथ. जेम्स मिलने हिंदुस्थानात पाऊल न ठेवता, येथील एकही भाषा न शिकता, १८१७ साली हिंदूंवर आपला निकाल देऊन टाकला होता. एल्फिन्स्टनने मिलशी उघड भांडण न करता त्याच्या निकालाची दुरुस्ती केली. हिंदूंचे दोष तो लपवीत नाही, आणि ते आपल्या लोकांनी पाहिले ते कोठे पाहिले याची आठवण करून देण्यासही चुकत नाही. कचेऱ्या आणि छावण्या यांभोवती जमणाऱ्या माणसांवरून राष्ट्राची परीक्षा करू नये असा त्याचा आशय आहे. अकबरावरील प्रकरणे आजही वाचावी अशी आहेत. भाषा संयत, वाक्य स्वच्छ, निकाल सावकाश. मेकॉलेच्या भाषेतील वीज तिच्यात नाही. परंतु विजेच्या उजेडात जे क्षणभर भलतेच मोठे दिसते, ते एल्फिन्स्टनच्या समईच्या उजेडात आपल्या मापाने दिसते.

शिक्षणाच्या बाबतीत त्याचे नाव आपल्याकडे अधिक आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पेशव्यांच्या दक्षिणेचा काही भाग राखून १८२१ साली पुण्यास विश्रामबागेत त्याने संस्कृत पाठशाळा उघडली. मराठी शाळा, मराठी पुस्तके व शिक्षकांची तयारी यांचा पुरस्कार केला. त्याच्या तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने तो कशासाठी असे विचारले. तेव्हा त्याने सांगितले की, तो येथील लोकांस शिकविण्यासाठी आहे, परंतु आपणांस विलायतेस परत पाठविणारा राजमार्गही तोच. हे उत्तर प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या भक्तांनी ते अनेकदा उगाळले आहे.

तरी याही ठिकाणी मुत्सद्दी सुटत नाही. विश्रामबागेतील ती पाठशाळा ब्राह्मणांसाठीच होती. राज्य गेल्याने दुखावलेल्या वर्गास शांत राखणे हा तिचा एक उद्देश होता. १८२३ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात खालच्या मानलेल्या जातींची मुले उत्तम शिकतात हे मान्य करूनही तो बजावतो की, शिक्षणाचे मूळ प्रथम त्यांच्यात रुजले तर ते वर कधी पसरणार नाही. म्हणजे ज्यांस विद्येची गरज अधिक, आणि जे ती अधिक उत्साहाने घेत होते, त्यांनाच मुत्सद्देगिरीच्या हिशेबाने मागे ठेवावयाचे! १८४८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढली, आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढे वरच्या वर्गांतून विद्या खाली झिरपेल या समजुतीवर त्यांनी कठोर टीका केली. त्या टीकेचे मूळ शोधू गेल्यास ते या सावधपणापर्यंत जाते. आम्ही ज्या वर्गातून आलो त्यास त्या सावधपणाचा लाभ झाला, म्हणून तर त्याचा उच्चार आम्ही अधिक स्पष्टपणे केला पाहिजे.

१८२७ साली एल्फिन्स्टन मुंबई सोडून गेला. त्याच्या स्मरणार्थ येथील लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमविले, आणि त्यांतून त्याच्या नावाची विद्यासंस्था उभी राहिली. विलायतेस गेल्यावर गव्हर्नर-जनरलचे पद त्याने दोनदा नाकारले, आणि सरे परगण्यातील एका खेडेवजा ठिकाणी पुस्तकांत आयुष्य घालविले. अफगाण युद्धाची तयारी चालू असता त्याने बर्न्सला पत्र लिहिले, त्याचा आशय असा की, सैन्य नेऊन कंदाहार व काबूल घेता येईल आणि शाह शुजास गादीवर बसविताही येईल, परंतु त्या गरीब, थंड व दूरच्या मुलखात त्याला टिकवून धरणे अशक्य आहे. १८३९ साली शुजा गादीवर बसला. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून परतणाऱ्या इंग्रज फौजेचा नाश झाला, आणि तिचा सेनापती एल्फिन्स्टनचाच चुलतभाऊ होता. त्याच वर्षी शुजाचाही खून झाला. पेशावरास तीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्या अफगाणाने दिलेले उत्तर ज्याने लिहून ठेवले होते, त्यालाच हा परिणाम आधी दिसला. १८५९ च्या नोव्हेंबरात तो वारला.

मग त्या विद्यार्थ्यास उत्तर काय द्यावे? आम्हांस असे दिसते की, आभार आणि राग यांची दोन निरनिराळी खाती उघडून चालणार नाही. पुस्तके देणारा हात निराळा आणि तहाची कलमे लिहिणारा हात निराळा असे असते, तर काम सोपे होते. दोन्ही हात एकाच माणसाचे होते, आणि त्याची समजूत जितकी खोल, तितकीच आमच्या स्वातंत्र्यावरील त्याची पकडही पक्की होती. आम्हांस ओळखणारा शत्रू आम्हांस न ओळखणाऱ्या शत्रूपेक्षा अधिक सभ्य असतो, आणि अधिक समर्थही असतो. हे समजल्यावर आभार मानावे की राग धरावा हा प्रश्न मागे पडतो. त्याने आम्हांस ओळखले, पण आम्ही त्याला आणि आपणा स्वतःला केव्हा ओळखले, हा प्रश्न पुढे येतो.

त्या प्रश्नाचे उत्तर अंशतः तरी त्याच्या नावाच्या संस्थेतूनच आले. दादाभाई नौरोजी तेथे शिकले, तेथेच प्राध्यापक झाले, आणि हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब त्यांनी इंग्रजांस त्यांच्याच आकड्यांनी मांडून दाखविला. न्यायमूर्ती रानडे तेथे शिकले, आणि १९०० साली त्यांनी मराठी सत्तेच्या उत्कर्षावर ग्रंथ लिहिला. एल्फिन्स्टनने जो ग्रंथ लिहिला नाही तो लिहिण्याचे काम आमचेच होते, आणि परक्याने तो लिहावा ही अपेक्षाच मुळी चुकीची होती. रानड्यांनी त्यातील उदयाचा भाग मांडला. अस्ताचा भाग तितक्याच थंड डोक्याने, बाजीरावांस शिव्या न देता आणि साहेबास ओवाळीत न बसता वाचण्याची सवय मात्र आम्हांस अद्यापि लागावयाची आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्यास सत्र सुरू होताच आम्ही बोलावून घेतले. आमच्या उत्तराऐवजी त्याच्या हाती १८१९ च्या अहवालाची प्रत दिली, आणि ती वाचून झाल्यावर पुण्याच्या तहाची कलमे वाचण्यास सांगितले. दोन्ही कागद एकाच मनुष्याच्या हातचे आहेत हे ध्यानात ठेवून वाच, एवढेच वर सांगितले. त्याचे मत काय होते ते ऐकण्यास आम्ही उत्सुक आहो.